उजवीकडून उघडा, व्याहीबुवा

४ ऑगस्ट

व्याहीबुवांना विहीणबाईंचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, लग्न मोडलेलं नाही. फोनच केला असता, पण तुमचा फोन नेहमी तुमची लेक ठकीच उचलते, आणि हे काम तिच्या कानावर मुळीच जाता कामा नये. माझा फोन आमच्या चिरंजीवांच्या हातात असतो, आणि त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. म्हणून कागद.

लग्न मुलांनी ठरवलं, आपण नुसत्या माना डोलावल्या. आता एक गोष्ट आपण दोघांनी मिळून करू. आमच्या घरात सून येते ती स्वतःचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन, आणि त्या पुस्तकाला चांदीचं आवरण असतं. ते सासरकडून द्यायचं. माझं अजून आहे. आतलं पुस्तक दोनदा बदललं. यहूदी घरांत झिजलेलं पुस्तक टाकत नाहीत, माणसासारखं मातीत पुरतात, हे तुम्हाला सांगायला नको. चांदी मागे राहते आणि नव्या पुस्तकावर चढते.

पुस्तक मी बांधेन. तीस वर्षं हातात सुई-दोरा आणि बोटांना खळ, तेवढं मला जमतं. चांदी मात्र माझ्या आवाक्यातली नाही. इथल्या दोन सोनारांना विचारलं, एकाने फोटोफ्रेमचा नमुना दाखवला, दुसऱ्याने पानदानाचा. मग डोक्यात आलं की चांदीवाला घरातच आहे, आणि तो मुलीचा बाप असल्यामुळे त्याला कुचराई करायची सोय नाही.

सोबत कोऱ्या पानांचा शिवलेला गठ्ठा पाठवते आहे, पुस्तकाच्याच मापाचा. त्यावर आवरण बसवून बघा. पाठीला थोडी जाडी जास्त ठेवली आहे, आतून मखमलीचं अस्तर देईन म्हणते.

पुस्तक हिब्रू आहे, म्हणजे उजवीकडून उघडतं. तुम्ही आयुष्यभर अल्बमची आवरणं घडवलीत आणि ती डावीकडून उघडतात. तुम्हाला हे माहीत आहेच, म्हणून एकदाच सांगते.

लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी दिवे लावून झाले की नवी सून त्या पुस्तकातलं एक पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. समोर आमच्या सासूबाई बसतात. माझ्या वेळी मी घाबरले होते, पण ठकी धीट आहे.

तुमची विहीण

१३ ऑगस्ट

विहीणबाईंना कोपरापासून नमस्कार.

सासरचा आहेर मुलीच्या बापाकडून चोरून घडवून घेणारी विहीण मी आजवर पाहिली नव्हती. आपलं हे कसब बघून मुलगी योग्य घरात पडते आहे याची खात्री पटली.

काम अर्थातच करतो. गठ्ठा पोचला. ठकीने विचारलं, हे काय, मी म्हटलं, वही. कोरी वही कशाला, म्हणाली, मी म्हटलं, म्हातारपणी माणसाला लिहावंसं वाटतं. तेव्हापासून ती माझ्याकडे जरा काळजीने बघते.

पुढच्या पत्र्यावर झाड काढीन म्हणतो, फांद्यांवर दोन पक्षी, आणि पानं एकेक वेगळी घडवून वरून डाखलेली, म्हणजे आच देऊन जोडलेली. मागच्या पत्र्यावर साधी जाळी, मधोमध एक लंबगोल मोकळा. खाली तिच्या नावासाठी पट्टी ठेवतो, नाव अगदी शेवटी कोरायचं. खटका असा करतो की बोटाच्या एका दाबाने उघडेल. ठकी चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं बसवते, तिला ढिला खटका चालत नाही.

एक आपलं सहज विचारतो. ते पान वाचणं म्हणजे अगदी वाचणंच असतं का? पुस्तक नुसतं हातात धरून, ओठ हलवून भागत असेल तर तसंही शोभून दिसेल. चांदी दिव्याच्या उजेडात छान चमकते, लोकांचं लक्ष तिकडेच राहील. आपल्या सासूबाईंना आता ऐकायला कितपत येतं? वय झालं की कान थोडे मंदावतात, त्यात वाईट काही नाही.

थांबतो. मी दुकानातच आहे आणि ठकीचा दुसरा निरोप आला आहे की जेवण गार होतंय.

आपला व्याही

२० ऑगस्ट

व्याहीबुवांना नमस्कार.

सासूबाईंचे कान मांजरीचे आहेत. शेजारच्या घरात दुधाचं पातेलं उतू गेलं तर त्या आम्हाला आधी सांगतात. तेव्हा ओठ हलवून भागणार नाही.

तुमच्या मनातलं मी ओळखलं बरं का. एकुलती एक लेक, लोकांसमोर उभी राहणार, लाजेल, म्हणून तुमचा जीव वरखाली होतोय. अहो, मुलींना लाजू द्यावं थोडं, तेवढंच सोहळ्याला रंग चढतो. मी तिच्यासाठी सुंदर पान निवडते आहे, चांगलं दोन्ही बाजूंनी भरलेलं.

झाडाची कल्पना आवडली. तिच्या नावाची हिब्रू अक्षरं पारदर्शक कागदावर काढून पाठवते. कागदाच्या कोपऱ्यात टिंब आहे ते वर उजवीकडे यायला हवं. उजवीकडे, व्याहीबुवा. पुस्तकही उजवीकडूनच उघडायला हवं. मी एकदाच सांगणार होते, पण रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर तुमचे अल्बम येत राहिले.

तुमची विहीण

९ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

झाड उभं राहिलं. पत्रा मऊ राळेवर पालथा बसवायचा, मागून ठोकत ठोकत उठाव काढायचा, मग सुलटा करून पुढून रेषा द्यायच्या, अशी ही कामाची रीत. मागून ठोकताना समोर काय होतंय ते दिसत नाही, फक्त हाताला कळतं. आज पहिल्यांदा सुलटा केला तेव्हा डावा पक्षी माझ्याकडे असा बघत होता की मीच ओशाळलो. चोच जरा वाकडी आहे. ठेवली आहे तशीच, त्याने त्याला स्वभाव आला.

पानं लावतोय. भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी, एकेक चिमट्याने उचलून जागेवर ठेवायची आणि आचेचा नुसता स्पर्श करायचा. आच थोडी जास्त झाली की शेजारची चार पानं सुटतात आणि मी तोंडातल्या तोंडात जे म्हणतो ते प्रार्थनेच्या पुस्तकाजवळ म्हणण्यासारखं नसतं.

ते पान आपण दोन्ही बाजूंनी भरलेलं निवडलंत, मोठी कृपा. पण माझ्या मते लहान पानात जास्त भक्ती असते. एखादं असं नाही का, ज्यात चारच ओळी आहेत? किंवा एकच?

उजवीकडचं मी विसरलेलो नाही. भिंतीवर खडूने बाण काढून ठेवला आहे.

आपला व्याही

२१ ऑक्टोबर

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं सप्टेंबरचं पत्र आलं, त्यावर मी दोन पाठवली, आणि तुमच्याकडून चिटोरासुद्धा नाही. लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला आहे, तेही आता लांब राहिलं नाही. चिरंजीव परवा तुमच्याकडे येऊन गेले. सांगत होते, ठकीच्या बाबांनी जेवताना तीनदा मीठ मागितलं आणि तिन्ही वेळा पाण्यात घातलं.

मी फटकळ बाई आहे, आडवळणाने मला जमत नाही. आमचं काही चुकलं का? सगळं पुस्तक मीच ठरवलं, पान मीच निवडलं, तुम्हाला नुसतं घडवायला लावलं, याचा राग आला असेल तर तसं सांगा. मुलगी आमच्या घरात द्यायची नाही असं काही मनात आलं असेल तर तेही सांगा, पण आत्ता सांगा. सासूबाईंनी तिच्यासाठी खुर्ची झाडून ठेवली आहे, स्वतःच्या शेजारची. त्या खुर्चीवर आजवर त्यांनी मला बसू दिलेलं नाही.

आवरण झालं नसेल तरी चालेल. ठकी यायला हवी.

तुमची विहीण

२६ ऑक्टोबर

विहीणबाई,

आपलं पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. मुलगी आपल्याच घरात यायची आहे आणि यापेक्षा चांगलं घर मी हातात दिवा घेऊन शोधलं असतं तरी सापडलं नसतं. माझ्या गप्प बसण्याला दुसरंच कारण आहे. खरं म्हणजे दोन आहेत.

पहिलं चांदीचं. आवरण पूर्ण झालं आहे आणि ते चुकलं आहे. पत्र्यांना पाठीशी जोडणाऱ्या बिजागऱ्या डाखायच्या वेळी पत्रे पालथे असतात, आणि पालथ्यावर डावं ते उजवं होतं. हे मला ठाऊक आहे, जन्म गेला त्यात. म्हणून मी कागदावरच चित्र आधी उलटवून घेतलं. मग मांडताना बाणाकडे लक्ष गेलं, कानात आपला आवाज आला, उजवीकडून, व्याहीबुवा, आणि मी घाईघाईने पुन्हा उलटवलं. दोनदा उलटवलेलं सुलट झालं, आणि आपल्याला हवं होतं उलट. आपला कोरा गठ्ठा त्यात झक्क बसला, कोऱ्याला मागचंपुढचं कुठलं. मी खटका दाबून दाबून खूश होत होतो. शेवटी सहज माझं स्वतःचं प्रार्थनेचं पुस्तक शेजारी ठेवलं तेव्हा चूक दिसली. झाड डावीकडून उघडतं. हिब्रू पुस्तक आत घातलं तर झाड मागे जातं आणि नुसती जाळी पुढे येते. उलटं फिरवून घातलं तर पक्षी डोक्यावर उभे राहतात.

बिजागऱ्या सोडवायच्या तर पुन्हा आच द्यायला हवी, आणि आच दिली की पानं झडतील. सगळं झाड नव्याने करायला आता वेळ नाही. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, त्याने एकदाच उलटवलं असतं.

दुसरं कारण सांगायचं मी इतके दिवस टाळलं. ठकीला हिब्रू वाचता येत नाही. एक अक्षर नाही. तिच्या आईने तिला सगळ्या प्रार्थना आपल्या बोलीत शिकवल्या, मराठीत, दिव्यासमोर उभं करून, तोंडी. आई गेल्यापासून शुक्रवारचे दिवे ठकीच लावते आणि आईच्याच शब्दांत म्हणते. मला ते कधी कमी वाटलं नाही. आपल्या पहिल्या पत्रात ते पान वाचण्याचं आलं आणि माझी झोप उडाली. बाजारातून अक्षरांचं पुस्तक आणून टेबलावर उघडं ठेवलं, की निदान नजर पडेल. तिने पाहिलं आणि म्हणाली, बाबा, हा तक्ता छान आहे, आमच्या दुकानात डोळे तपासायला लावू का?

लाजेचा प्रश्न नाही, विहीणबाई. माझ्या मुलीने भरल्या घरात पुस्तक उघडावं आणि तिच्या तोंडून शब्द फुटू नये, एवढंच मला नको आहे. बाकी चांदी आपली, चूक माझी. काय करू ते सांगा.

आपला व्याही

३० ऑक्टोबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मी छापखान्यातून आलेल्या फर्म्यांच्या ढिगावर बसून वाचलं आणि इतकी हसले की माझी मदतनीस पाणी घेऊन धावली. मग दुसरा भाग वाचला आणि तेच पाणी प्यायले.

मी मूर्ख आहे. तुम्ही लहान पान मागत होता आणि मी मोठं देत होते. आमचे चिरंजीव हिब्रू वाचतात म्हणजे काय दिवे लावतात माहीत आहे का? खडीच्या रस्त्यावरून अनवाणी चालल्यासारखे वाचतात, दर दोन शब्दांना ओय होतं. त्यांना कोणी हसत नाही, मग तिला कोण हसेल? पण तुमचं म्हणणं मला पोचलं. तोंडून शब्द फुटायला हवा, आणि तो तिचा असायला हवा.

आता नीट वाचा. बिजागऱ्यांना हात लावू नका. एक पानसुद्धा झडता कामा नये.

हिब्रू उजवीकडून चालते आणि मराठी डावीकडून. दोघींना एकाच पुस्तकात बसवलं तर त्या एकमेकींच्या वाटेत येतच नाहीत. उजवीकडून उघडलं की हिब्रू, डावीकडून उघडलं की मराठी, आणि मधे जिथे भेटतील तिथे एक कोरं पान. अशा पुस्तकाला मागची बाजूच नसते, दोन्ही पुढच्याच. तुमचं झाड मराठीच्या दारावर उभं राहील, तिथे तिचं नाव आपल्या अक्षरांत कोरा. जाळी हिब्रूच्या दारावर, त्या लंबगोलात मी पाठवलेली अक्षरं कोरा. टिंब वर उजवीकडे. हे सांगावंच लागतं.

जाडीची काळजी नको. मखमलीसाठी जी जागा राखली होती तिच्यात मराठीची पानं बसतील. मखमल गेली खड्ड्यात, एरवीही तिला कसर लागते.

मला हव्यात त्या तुमच्या मंडळींच्या प्रार्थना, शब्दन् शब्द. माझं अक्षर बरं आहे, मी स्वतः लिहीन. ठकीला विचारायचं नाही, तिला कळलं तर गंमत गेली. कशा मिळवायच्या ते तुमचं तुम्ही बघा.

तुमची विहीण

१५ नोव्हेंबर

विहीणबाईंना साष्टांग नमस्कार, आणि हा थट्टेतला नाही.

गेले दोन शुक्रवार मी चोर झालो आहे. दिवे लागायच्या आत घरी पोचायचं हा नियम, आणि मी बहुतेकदा दिवे लागता लागता पोचणारा माणूस. त्यामुळे सुरुवातीचं मी कधी धड ऐकलेलंच नव्हतं. पहिल्या शुक्रवारी उजेड असतानाच घरात शिरलो तर ठकीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

दिवे लावले की शब्बाथ लागतो, शनिवारी रात्रीपर्यंत लिहायचं नाही, त्यामुळे कागद-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून कान देत होतो, आणि शनिवारी रात्री आठवून लिहीत होतो. मधलं काही निसटलं की आठवडाभर आडून विचारायचो, ठकी, ते भाकरीच्या ओळीनंतर काय गं येतं? ती सांगायची, आणि मग थांबून माझ्याकडे बघायची. काल म्हणाली, बाबा, मी लग्न करून जाते आहे म्हणून तुम्ही एवढे देवाला लागू नका, मी येत राहीन. मी पाणी प्यायला उठलो.

सगळं सोबत आहे. मी वाचून पाहिलं तेव्हा मला तिच्या आईचा आवाज ऐकू आला, तो आता कागदावर आहे. "या दिव्यांइतका उजेड आमच्या बोलण्यात असू दे" इथपासून शेवटपर्यंत सगळं मिळालं. फक्त एक ओळ मिळाली नाही. अगदी शेवटच्या आधी ती खिडकीशी जाते, रस्त्याकडे तोंड करते आणि काहीतरी पुटपुटते. तिची आईही तसंच करायची. मी दारातून कानात प्राण आणून ऐकलं, एक शब्द कळला नाही. आडून विचारलं तर ठकी हसली आणि म्हणाली, ते काही नाही. मी ओळीची जागा मोकळी ठेवली आहे.

नावं कोरली. हिब्रूतलं कोरताना टिंब वर उजवीकडे होतं. शेजारच्या घड्याळजीला बोलावून दाखवून घेतलं, आता माझ्यावर माझाच विश्वास नाही. आवरण आणि ही पानं उद्या माझा भाऊ स्वतः घेऊन येईल.

आपला व्याही

२४ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

आवरण पाहिलं. तुमच्या वाकड्या चोचीच्या पक्ष्याला मी सकाळपासून तीनदा उघडून मिटलं. जास्त काही लिहीत नाही, मला गोड बोलायची सवय नाही आणि आत्ता लावली तर लग्नात रडू येईल.

पानं लिहून झाली. ती ओळ मलाही सुचवता आली असती, पण दुसऱ्याच्या प्रार्थनेत आपलं बोट घालू नये. तिथे एक ओळ कोरी सोडली आहे. ठकी बघून घेईल.

बांधणी झाली, दाबाखाली ठेवली आहे. दोन्हीकडून उघडून पाहिलं. दोन्हीकडून उघडतं.

आता लग्नालाच भेटू. मीठ पाण्यात घालू नका.

तुमची विहीण

१४ डिसेंबर

प्रिय बाबा,

हे पत्र मी मुद्दाम लिहिते आहे, फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मधेच "बरं बरं" म्हणून ठेवून दिला असता.

आधी एक कबुली घ्या. ते पान वाचायचं असतं हे मला लग्न ठरलं तेव्हाच कळलं होतं. तुमच्या जावयाच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला काळजी नको म्हणून मी बोलले नाही. त्या अक्षरांच्या तक्त्याची मी थट्टा केली, आणि तुम्ही दुकानात गेलात की तोच घेऊन बसायचे. सगळी अक्षरं मला एकाच कुटुंबातली वाटायची, कोण थोरलं कोण धाकटं ते कळत नव्हतं. इकडे आले तोवर एक ओळही वाचता येत नव्हती.

परवा शुक्रवारी दिवे लावले. आजेसासूबाई त्यांच्या खुर्चीवर, मी शेजारी, समोर सगळं घर. सासूबाईंनी फडक्यातून पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. बाबा, ते झाड मी ओळखलं. तुमच्या दुकानात अर्धवट पानं वाळूच्या बशीत पडलेली मी पाहिली होती, तुम्ही म्हणालात, कुणाच्या तरी अल्बमची आहेत. मी झाडाकडेच बघत राहिले आणि उजवीकडून उघडायचं हेसुद्धा डोक्यातून गेलं. सवयीने डावीकडून उघडलं. खटका दाबला तेव्हाच लक्षात आलं की चुकले, आता सगळे हसणार.

आणि समोर मराठी. या दिव्यांइतका उजेड आमच्या बोलण्यात असू दे.

मी सासूबाईंकडे पाहिलं तर त्या छताकडे बघत होत्या. मी वाचायला लागले. वाचायला म्हणजे काय, दुसऱ्या ओळीनंतर अक्षरं दिसतच नव्हती, पण त्याची गरज कुठे होती. आईच्या चालीत म्हणत गेले. आणि शेवटच्या आधी ती कोरी ओळ आली.

तेव्हा मला कळलं की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारामागे का उभे असायचात. मला वाटलं होतं भूक लागते.

मी थांबले. सगळ्यांना वाटलं, अडली. मग मी आईसारखी खिडकीकडे वळले आणि ती ओळ म्हटली, मोठ्याने, कारण सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं असतं. बाबा, ती ओळ प्रार्थनेत नव्हतीच. आईने स्वतःची घातली होती. आपल्या खिडकीतून तुमच्या दुकानातला दिवा दिसतो ना, तो चालू आहे का ते बघून ती म्हणायची, आणि तुम्ही चुकून लवकर आलेले असलात तर तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटायची. मी लहानपणी तशीच शिकले, पुटपुटत. ती अशी आहे:

"आणि जो अजून दुकानातच बसलाय, त्याच्या हातातलं काम तूच खाली ठेव, आणि जेवण गार व्हायच्या आत त्याला घरी आण."

मग आजेसासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना धरावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "इतक्या सुनांनी या घरात वाचलं, पण काय वाचलं ते मला आजच कळलं." आणि सासूबाईंकडे बोट करून म्हणाल्या, आमच्याकडे ही ओळ हिला लागू आहे, हिची बांधणी कधी वेळेवर संपत नाही. त्यांनी आता फर्मान काढलं आहे की दर शुक्रवारी ती ओळ झालीच पाहिजे. मी उजवीकडूनही शिकते आहे, त्याच शिकवतात. रोज एक अक्षर. त्यांच्या मते मला घाई नाही.

सासूबाई म्हणतात ओळ आता शाईने भरून टाक. मी म्हटलं, ती तुम्ही येऊन भरायची. कधी येताय?

तुमची ठकी

२१ डिसेंबर

प्रिय ठकी,

नाताळच्या सुट्टीत येतो. पेन तिकडचंच चालेल.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते दुकानात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग घड्याळजीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, एवढ्या वर्षांत लवकर घरी जा म्हणून मी तुला सांगून थकलो, तुझी बायको हुशार, तिने थेट वर सांगितलं.

शुक्रवारी दुपारीच कुलूप लावलं. दिवे मीच लावले. तुझ्या सासूबाईंना पाठवण्याआधी त्या प्रार्थनांची एक नक्कल माझ्यासाठी करून ठेवली होती, ती समोर धरली. मोकळ्या ओळीपाशी आलो आणि थांबलो, कारण दुकानात बसलेला माणूस घरीच उभा होता. म्हणायची की नाही कळेना. शेवटी खिडकीशी गेलो आणि म्हटली, मोठ्याने, जिला ऐकू जायला हवी तिला जाईल अशी. दुकानात दिवा नव्हता.

मग जेवायला बसलो. जेवण गरम होतं.

बाबा